पाहुण्यांचा कप

कल्याणरावांच्या केडगावच्या बंगल्यातून मी एक कप उचलून आणला. चोरून नाही. ते स्वतः, त्यांची सून, त्यांची म्हातारी आई आणि माझी मुलगी, सगळे समोर असताना आणला. तरी गावाकडे बोललं जातं की राहीबाईचा हात म्हातारपणी लांब झाला. बोलणाऱ्यांनी खुशाल बोलावं. फक्त आधी सगळं ऐकावं आणि मग बोलावं.

आमचं गाव मिरजगावच्या अलीकडे. कल्याणराव तिथल्या मोठ्या घराचे. माझा बाप मच्छिंद्र त्या घरी सालगडी होता, आणि मरेपर्यंत सालगडीच राहिला. पुढे आम्ही गाव सोडलं. मी आता नगरला माझ्या मुलीकडे, सुकन्याकडे राहते. ती पोस्टात नोकरीला आहे. मोठ्या घरानेही गाव सोडलं. कल्याणराव साखर कारखान्यात इंजिनिअर होते, निवृत्त झाल्यावर केडगावला बंगला बांधला आणि जुन्या वस्तू जमवायचा नाद लावून घेतला. त्यातही चहाच्या वस्तूंचा. चहाचे डबे, किटल्या, गाळण्या, बशा.

एके दिवशी सुकन्याला त्यांचा फोन आला. म्हणाले, "मी माझा संग्रह लोकांना बघायला खुला करतोय. आमच्या आबांच्या काळातली चहाची पेटी त्यात आहे. ती पाहिलेलं माणूस आता कुणी उरलं नाही. आईला विसर पडतो. राहीमावशींना घेऊन या, त्यांच्या आठवणी रेकॉर्ड करू. गाडी पाठवतो."

आबा म्हणजे त्यांचे आजोबा.

"गाडी पाठवत्यात म्हंजी काम मोठं दिसतंय," मी सुकन्याला म्हटलं.

"आई, माणूस मानानं बोलावतोय. तुझं आपलं काहीतरी वाकडंच."

"त्या घरानं मला मानानं बोलावल्याचं काय माझ्या ध्यानात न्हाई."

"म्हणून तर चल ना. आता बोलावतायत."

मी गेले. नवं लुगडं नेसून गेले, हे कबूल करते.

बंगल्याचा खालचा हॉल त्यांनी सगळा कपाटांनी भरून टाकला होता. काचेची कपाटं, आत दिवे. कल्याणराव दारापर्यंत आले, मला हाताला धरून आत नेलं. सून सृष्टी पाया पडली. मग ते एकेक वस्तू दाखवायला लागले, आणि दाखवताना माणूस लहान पोरासारखा झाला. एक जपानी पत्र्याचा डबा, त्यावर छत्र्या घेतलेल्या बायका. एक चिनी मातीची बुटकी बरणी, निळ्या पक्ष्यांची. एक पितळेचा डबा, त्याच्या झाकणावर देवळासारखा कळस. नगरच्या लष्करी कॅम्पातल्या साहेबांच्या बंगल्यातून निघालेली एक शिसवी पेटी, आतून शिशाचा पत्रा मारलेला, दोन कप्पे आणि मध्ये साखरेचं काचेचं भांडं. वस्तू सुंदर होत्या. सुंदर नव्हत्या असं मी म्हणणार नाही.

"ह्या डब्या-पेट्यांना कुलपं कशापायी?" मी विचारलं.

"चहा तेव्हा फार महाग असायचा मावशी. नोकर चोरतील म्हणून साहेबाची मडम किल्ली स्वतःजवळ ठेवायची."

"म्हंजी कुलपं आमच्यासाठी हुती."

कल्याणराव हसले. त्यांना ती थट्टा वाटली. सुकन्याने माझा दंड दाबला.

कोपऱ्यात खुर्चीत त्यांची आई बसली होती. बनुबाई. माझ्याहून चार-सहा वर्षांनी मोठी. मी परकरात असताना ती त्या घरात सून म्हणून आली. मी तिला वयनी म्हणायची.

"ओळखलं का, वयनी?"

"राही ना तू? मच्छ्याची."

"मच्छिंद्राची."

"व्हय, तीच," बनुबाई म्हणाल्या आणि खिडकीकडे बघायला लागल्या. त्यांना विसर पडतो, असं कल्याणराव म्हणत होते. मला तर काही तसं दिसलं नाही.

मग आम्ही मधल्या मोठ्या कपाटापुढे आलो. त्यात आबांची पेटी होती. मी ती ओळखली. सागवानी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. ती ओसरीवरच्या फळीवर असायची आणि किल्ली जानव्यासारखी आबांच्या गळ्यात. आणि पेटीच्या शेजारी, मखमलीच्या तुकड्यावर, एक कप होता. पांढरा, पातळ, अंगावर गुलाबी फुलांची वेल, काठाला सोनेरी रेघ. खाली एक छोटी पाटी. पाटीवर छापलं होतं: पाहुण्यांचा कप. घरी येणाऱ्या खास पाहुण्यांसाठी आबासाहेब हा कप वेगळा ठेवत असत.

मी पाटी पुन्हा वाचली. मग कपाकडे बघितलं. वेलीच्या एका फुलात, पाकळीपाशी, काळा ठिपका होता. भाजताना राहिलेला. तो ठिपका मला माहीत होता. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. कपाला कान होता.

"ह्याला कान कुटनं आला?" मी म्हटलं.

कल्याणरावांचा चेहरा फुलला. "बघा, सृष्टी, मावशींनी बरोबर ओळखलं. तुटलेला होता. आमच्या जुन्या गोठ्याचं छप्पर उतरवलं तेव्हा वळचणीत सापडला, फडक्यात गुंडाळलेला. इतका सुंदर कप तिथे कसा गेला कोण जाणे. पुण्याला एक बाई आहेत, चिनी मातीचं काम करतात. त्यांच्याकडून कान बसवून घेतला. जोडावर सोनेरी रेघ दिली आहे, बघा. मोडलेलं लपवायचं नाही, मिरवायचं, अशी आता पद्धत आहे."

त्यांनी खिशातून पांढरे हातमोजे काढले, हातात चढवले, कपाट उघडलं आणि कप दोन्ही हातांनी बाहेर काढला. सृष्टीने मोबाईल माझ्यासमोर धरला. एका ट्रेमध्ये किटली आली. त्यांचा बेत तेव्हा माझ्या ध्यानात आला. त्या कपात मला चहा द्यायचा, आबांच्या घरची पाहुणी म्हणून, आणि मी आबांच्या पेटीबद्दल गोड बोलायचं.

किटलीतून चहाची धार कपात पडली. वरून.

"घ्या मावशी. आजच्या खास पाहुण्या तुम्हीच."

मी हात पुढे केला नाही. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. डोक्यात नुसती आग उठली.

"ह्यो कप तुमच्या पाव्हन्याचा न्हाई," मी म्हटलं. "ह्यो माझ्या बापाचा हाय."

सुकन्या "आई" म्हणाली. मी तिला थांबवलं आणि सांगितलं. तेच इथेही सांगते.

आमच्या लोकांना त्या घरच्या भांड्यात चहा मिळत नव्हता. ज्याने त्याने आपलं भांडं आणायचं. गोठ्यापाशी उकिडवं बसायचं, भांडं खाली ठेवून हात बाजूला करायचा, घरातली बाई वरून धार सोडायची. पिऊन झालं की आपलं आपण धुवायचं आणि गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवायचं. घरातलं कुणी त्या भांड्याला हात लावत नसे. माझ्या बापाकडे आधी डालड्याचा डबा कापून केलेलं टमरेल होतं. त्याचा पत्रा ओठाला लागायचा. एकदा आबांनी बैलांची वेसण आणायला त्याला मिरजगावच्या बाजाराला धाडलं, आणि माझा बाप येताना कपबशी घेऊन आला. बशी माझ्या आईने घरी ठेवून घेतली. कप गोठ्यात गेला.

आई त्याला म्हणाली होती, "येवढा भारीतला कशाला? श्यानात बसून पियाचं."

तो म्हणाला, "श्यानात बसून पियाचं म्हनूनच."

आबांच्या ओसरीवर जे कप होते ते जाड, पिवळट, हॉटेलातल्यासारखे. बापाचा कप त्यांच्यापेक्षा देखणा होता. आबांना ते काही दिवस दिसलं नाही. मग दिसलं. मी तेव्हा गोठ्यात शेण भरत होते. आबा ओसरीवरून उतरले, बापासमोर उभे राहिले. बापाने कप खाली ठेवला. आबांनी काठीचं टोक कपाच्या कानात घातलं आणि दगडावर असा झटका दिला की कान तुटून उकिरड्याकडे उडाला. कप वाचला. आबा म्हणाले, "आता शोभतो." आणि सुनेला म्हणाले, "वत चहा."

सून बनुबाई. तिने चहा ओतला.

बापाने दुसरा कप आणला नाही. मरेपर्यंत त्याच बिनकानाच्या कपात चहा प्याला. कड चिमटीत धरावी लागायची, बोटं भाजायची. आई म्हणायची टाकून दे. तो म्हणायचा, "ऱ्हाऊ दे. त्यो रोज बगतोय." गोडबोल्या माणूस नव्हता माझा बाप. तापट होता, आईवर हातही उचलायचा. पण त्या कपाच्या बाबतीत त्याने कुणाचं ऐकलं नाही.

मी सांगायचं थांबले तेव्हा सृष्टीचा मोबाईल अजून माझ्यासमोरच होता. चहा कपात तसाच होता. कल्याणराव खाली बसले. त्यांनी कपाळावर हात ठेवला. त्यांना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्यांना खरोखर वाईट वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "सृष्टी, रेकॉर्ड झालं ना सगळं?"

"मधे थोडा आवाज बारीक आलाय, पप्पा."

"मावशी, हे फार मोलाचं आहे. आबांच्या काठीपासून परत एकदा सांगाल का? ही पाटी तर मी आजच काढतो. खरी पाटी लावू. या एका कपाने सगळ्या संग्रहाला वजन येईल."

मला चीड आली ती तिथे. आधी आली होती ती काहीच नव्हती. काठीने आबांनी कान तोडला, त्यात निदान राग तरी होता. इथे नातू माझ्या बापाचा अपमान पुसून, लखलखीत करून, दिव्याखाली मांडणार होता आणि वर मला म्हणत होता की आवाज मोठा काढा.

"मोबाईल खाली ठेव, पोरी," मी सृष्टीला म्हटलं. तिने ठेवला. "कल्यानराव, पाटी लावू नका न् काई नका. कप मला द्या. मी घिऊन चालले."

"मावशी, असं कसं? तो आमच्या गोठ्यात सापडलाय."

"गोठ्यात आमीबी सापडायचो. म्हनून काय तुमचे झालो?"

"तसं नाही हो. पण कायद्याने बघितलं तर..."

"ह्या कपाला तुमच्या घरातल्या एकानं कवा बोट लावलं न्हाई. लावलं तर बाटत हुतं. आन् आता त्यो तुमचा?" माझी नजर त्यांच्या हातांकडे गेली. "आजबी मोजं घालूनच उचलताय."

कल्याणरावांनी हातांकडे बघितलं. "हे सगळ्याच वस्तूंना घालतो मावशी. बोटांचं तेल लागतं."

ते खरं होतं. मला माहीत होतं ते खरं आहे. पण मी मागे घेतलं नाही.

त्यांनी मोजे काढले. मग आईकडे वळले. "आई, मी तुला विचारलं होतं. तूच म्हणालीस, पाहुण्यांचा कप म्हणून."

बनुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मला काय आता आठवतंय व्हय. वय झालं."

"चहा कोन वतत हुतं, वयनी?" मी विचारलं.

त्यांनी पदर डोक्यावर ओढला.

"मच्छ्या आठवतो. मच्छ्याची राही आठवते. कप तेवडा आठवत न्हाई?"

तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या, आणि त्यांनाही राग आला होता. बरं झालं. मला म्हातारीची कीव करायची नव्हती.

"मग काय करनार हुते मी?" त्या म्हणाल्या. "नवी नवरी मी. डोईवरचा पदर खाली यायचा न्हाई. सासऱ्याला काय म्हनू, कप फोडू नका? मलाबी त्या पेटीतला चहा इचारून घ्यावा लागायचा. तुला काय ठावं."

"तवाचं मी म्हनतच न्हाई. तवा तुमच्या डोक्यावर सासरा हुता. पोरानं इचारलं ते आत्ता, ह्या बंगल्यात. आत्ता कुटला सासरा बसला हुता हितं?"

सृष्टी सासऱ्यांकडे बघत होती, कल्याणराव आईकडे. सुकन्या माझ्या मागे उभी होती. तिने आता माझा दंड दाबला नाही.

"लाज वाटली," बनुबाई शेवटी म्हणाल्या. "पोरगं येवड्या हौसेनं इचारत हुतं. त्याला काय सांगू, तुजा आजा असा हुता म्हनून? कायतरी बोलले. पाटी लावील ते मला काय म्हाईत."

"पाटी लावल्यावर बघितली न्हाई?"

"बघितली."

"मग?"

"मग काय. गप ऱ्हायले." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कल्यान, मच्छ्याचा हाय तो कप. दे तिला."

"मच्छिंद्राचा," सुकन्या म्हणाली. मी नाही, सुकन्या.

बनुबाईंनी तिच्याकडे बघितलं. तिच्या आजोबाचं नाव ती म्हातारी इतक्या वर्षांत कधी पूर्ण बोलली नसेल. "मच्छिंद्राचा," त्या म्हणाल्या. असं म्हणाल्या जसं कुणी दात उपटतंय.

मी काही विरघळले नाही. लोकांना वाटतं अशा वेळी दोन म्हाताऱ्या गळ्यात गळा घालतात. मी त्यांच्याकडे गेले नाही आणि त्यांनीही बोलावलं नाही.

कल्याणराव उठले. त्यांनी कप मोकळ्या हाताने उचलला, चहा ट्रेमध्ये ओतला, रुमालाने कप पुसला. "मावशी, नेऊ नका असं म्हणत नाही. पण नीट बांधून देतो. कान नाजूक आहे. आणि एक विनंती, फोटो तरी राहू द्या."

"फोटो पुसायचा. रेकॉर्डबी पुसायचं. माझ्यासमोर."

"मावशी, हे लोकांना कळायला हवं असं नाही वाटत तुम्हाला?"

"कळाया पायजे. मी सांगीन की. माझ्या तोंडानं, मला वाटंल तवा, वाटंल त्याला. तुमच्या कपाटाला वजन याया न्हाई."

सृष्टीने माझ्यासमोर मोबाईलमधलं सगळं पुसलं. सुकन्याने बघून खात्री केली, माझा अशा बाबतीत कुणावर भरवसा नाही.

कल्याणरावांनी कप माझ्या हातात दिला. मी तो कानाला धरला. इतक्या वर्षांत त्या कपाला कानाने धरणारी मीच पहिली असेन. बोट आत गेलं, छान बसलं. सोनेरी रेघ चकाकत होती. पुण्याच्या त्या बाईने काम उत्तम केलं होतं. आणि मला वाटलं, हे असंच घरी नेलं तर जन्मभर मला बापाचा मान कुणाकडून तरी जोडून मिळाल्यासारखं होईल.

मी कप उपडा धरला, टेबलाच्या दगडी कडेवर कान टेकवला आणि दाबला. जुन्या जागीच तुटला. कल्याणराव "अहो" म्हणाले. एवढंच.

तुटलेला कान मी त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ह्यो तुमचा. तुमच्या आज्यानं तोडला, तुमी जोडला. मखमलीवर ठिवा, न्हाईतर काय करायचं ते करा. कप माझ्या बापानं कान तुटल्यावरबी वापरला, तसाच मी नेते."

त्यांनी मूठ मिटली. गाडी काढतो म्हणाले. मी नको म्हटलं. बनुबाई खुर्चीतून म्हणाल्या, "उनाचं चालू नको, राही. बसून जा गाडीत." मी त्यांना उत्तर दिलं नाही. आम्ही हायवेला आलो आणि रिक्षा धरली. रिक्षात सुकन्या म्हणाली, "आई, कान तोडायची गरज नव्हती."

"व्हती."

"हातात तुटकी कड घुसली असती."

"घुसली न्हाई ना."

नंतर कल्याणरावांचे फोन येत राहिले. आधी म्हणाले माफी मागायला येतो. मग म्हणाले, पेटीही कपाटातून काढली आहे. काढली असेल. मी बघायला गेले नाही. मग गावाकडे ती चोरीची गोष्ट सुरू झाली. ती कुणी सुरू केली मला ठाऊक नाही आणि मी कुणाचं नाव घेणार नाही. पण मोठ्या घरच्या वस्तू आमच्या हातात दिसल्या की गावाला एकच शब्द सुचतो, त्याला नवीन काय.

कप घरी आणला त्या दिवशी सुकन्याने विचारलं, "कुठे ठेवायचा? शोकेसमध्ये आजोबांच्या फोटोपाशी ठेवू?"

"येगळा ठिवायचा न्हाई," मी म्हटलं. "रोजच्या कपांत ठेव."

तिने ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी जावई, कानिफनाथ, घाईत होते. ओट्यावरून हाताला लागला तो कप त्यांनी घेतला, चहा ओतला, उचलला आणि पटकन खाली ठेवून बोटं झटकली.

"हा बिनकानाचा कुणी मधेच आणून ठेवलाय? चटका बसतो ना."

"बसू द्या," मी म्हटलं. "प्या."